खंडेनवमीचा पेनड्राइव्ह

झेंडूची एक ओली पाकळी, जिथे पाकळी असायचं काहीच कारण नाही अशा फटीत.

काळी स्कॉर्पिओ. मागच्या काचेवर बैलजोडी. आत एवढा आवाज की काचेवरचे बैलही थरथरतायत.

‘शुभ सकाळ. कालचं विसरा, आजचं बघा.’ खाली गुलाब. त्याखाली तोच गुलाब, पिवळा.

“बंद म्हंजे बंद.”

पोलादी पाटावर चार पिना. पार्ट त्यांच्यावर बसला तर बसला. नाही बसला तर भंगारात. ‘बहुतेक बसतोय’ अशी तिसरी जागा पाटावर नाही.

‘ही फाइल सापडत नाही. ती हलवली किंवा पुसली गेली असावी.’

तीन प्रती ठेवा. दोन वेगळ्या जागी ठेवा. एक घराबाहेर ठेवा. (निरंजन, कुणालाही, कधीही, न विचारता.)

•

हा निरंजन माणच्या आयटी पार्कमधल्या एका काचेच्या इमारतीत दिवसभर कॉम्प्युटर सांभाळायचा आणि घरी येऊन तेच काम फुकट करायचा. मोशीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये देवघर आणि चपलांचं कपाट यांच्या मधल्या कोनाड्यात त्याने स्वतःचा सर्व्हर बसवला होता. सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्या फायलींचं कोठार. बाहेरून काळा डबा, आत चार डिस्का, अखंड घुं घुं करणारा पंखा, आणि मागे खोचलेला नखाएवढा पेनड्राइव्ह. डबा सुरू व्हायचा तो या पेनड्राइव्हवरून. आत कुठली डिस्क कुठलं काम करते हेही त्या नखाएवढ्या तुकड्यालाच ठाऊक. निरंजनने या डब्याचं नाव ‘राजगड’ ठेवलं होतं. त्याच्या ऑफिसात सगळेच आपापल्या डब्यांना गडांची नावं द्यायचे. खऱ्या गडावर गेले की पहिल्या टप्प्यावरच सरबतवाल्याजवळ बसून राहायचे.

निरंजनला सल्ला द्यायची हौस इतकी, की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही तो दाराबाहेरून आधी पासवर्ड कसा असावा ते सांगेल आणि मग वॉचमनला बोलवेल. सोसायटीतलं कुणी फोटो गूगलवर ठेवतं असं कानावर आलं की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. “आपले दागिने दुसऱ्याच्या कपाटात ठेवता का हो तुम्ही?” असं तो बायकांना विचारायचा. बायका हसून म्हणायच्या, हो, बँकेत ठेवतो. पुढच्या बाईलाही तो तेच विचारायचा.

विजयश्री त्याची बायको. ती चाकणच्या एका कंपनीत कितीतरी वर्षं डिझाइनला होती. तिथे ती चेकिंग फिक्श्चर काढायची. म्हणजे तयार झालेला पार्ट मापात आहे की नाही ते तपासायचा पोलादी पाट. पार्ट त्यावर ठेवायचा. बसला तर पास. यात ‘जरा’, ‘जवळजवळ’, ‘चालून जाईल’ वगैरे काही नसतं. उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली आणि घराच्या एका खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. पहिली ऑर्डर मिळायला गणपती उजाडले. खराबवाडीतल्या रविराजच्या टूलरूमने, म्हणजे असे पाट कापून देणाऱ्या वर्कशॉपने, एका फिक्श्चरचं काम तिला दिलं, आणि देतानाच सांगितलं, “ताई, दसऱ्याला विजयमुहूर्तावर नवं काम मशीनवर चढवायचं, ही आमच्याकडची रीत आहे. मशीन रिकामं ठेवून नारळ फोडणार नाही मी. तुमचं ड्रॉइंग आलं तर तुमचं लावतो. नाही आलं तर त्या जुन्या पार्टीचं तयारच आहे.”

जुनी पार्टी म्हणजे तिची आधीची कंपनी. तिथे तिच्या राजीनाम्यावर एकजण म्हणाला होता, घरी बसून करणार म्हणजे पोळ्या आणि ड्रॉइंग दोन्ही गोल. तिला हे वाक्य पाठ होतं.

ड्रॉइंग पूर्ण होतं. ते राजगडावर होतं. फक्त राजगडावर होतं, कारण निरंजनने श्रावणात तिचा लॅपटॉप ‘साफ’ करून दिला होता. “एका फायलीच्या दोन कॉप्या ठेवल्या की कुठली खरी तेच कळत नाही. आता सगळं सर्व्हरवर. इथे नुसतं चिन्ह राहील, त्याच्यावर क्लिक कर.” तीन प्रतींचा उपदेश बाहेरच्यांसाठी होता. घरात एकच सत्य.

•

खंडेनवमी.

घराघरात या दिवशी हत्यारांची पूजा होते. भोसरीपासून चाकणपर्यंत हत्यार म्हणजे मशीन. लेथ धुतात, प्रेसला हार घालतात, क्रेनच्या हुकाला झेंडू बांधतात. मशीन बंद करून जे पूजेला बसवायचं ते दसऱ्याला उठवायचं. मधे हात लावायचा नाही. निरंजनचे वडील अर्जुनराव कळंबकडून भोसरीत आले आणि फिटर म्हणून रिटायर झाले. कंपनी सुटली, पण खंडेनवमी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. ती ते आता फ्लॅटमध्ये राबवायचे.

“सगळं बंद करा,” ते सकाळीच दारात उभं राहून म्हणाले, जणू हॉलमध्ये दोनशे कामगार बसलेत.

“मिक्सर?” सुमनताईंनी आतून विचारलं.

“बंद.”

“अन् चटणी कशात वाटू?”

“काल वाटायची.”

“काल सांगितलं असतं तर काल वाटली असती. फ्रिज?”

अर्जुनरावांनी जरा विचार केला. “फ्रिजला नुसतं गंध लाव.”

“म्हंजे ज्याच्यात तुमचं दही हाय ते चालू, अन् माझं ते बंद.”

विजयश्री तोवर कोनाड्याजवळ आली होती. “अहो,” ती निरंजनला म्हणाली. सासूसासऱ्यांसमोर ती ‘अहो’ म्हणायची, एरवी नाव घ्यायची, आणि गेल्या काही वर्षांत हा ‘अहो’ असा तयार झाला होता की त्यात शिव्यांसाठी वेगळी जागा करावी लागत नसे. “अहो, बंद करायच्या आधी माझं फोल्डर लॅपटॉपवर घेऊ दे.”

“कशाला?”

“उद्या द्यायचंय रविराजला.”

“उद्या ना? उद्या सकाळी पाच मिनिटांचं काम आहे. पुन्हा डुप्लिकेटं नको करूस.” आणि बोलता बोलता त्याने बटण दाबलंसुद्धा. पंखा दमला, थांबला. घर एवढं शांत झालं की शेजारच्यांचा कुकर ऐकू आला.

“चालू करून द्या परत.”

“बंद म्हंजे बंद,” अर्जुनराव म्हणाले. “एकदा बसवलं की बसवलं. आमच्या कंपनीत साहेबसुद्धा हात लावत नव्हता.”

निरंजनचा पूजेवर विश्वास नव्हता. तो पूजेची थट्टा करायचा, आणि थट्टा करता यावी म्हणून दर वर्षी पूजेला सगळ्यात पुढे असायचा. यंदा त्याला एक कल्पना सुचली. त्याने फोन काढला, व्हिडिओ सुरू केला, आणि डब्यामागून तो नखाएवढा पेनड्राइव्ह उपसून ताम्हनात ठेवला.

“हे काय रे?” सुमनताई.

“हा याचा आत्मा आहे, आई. खरी पूजा याची कर.”

“आत्म्याला कुंकू लावतेत का कुठं?”

“लाव गं. मेन हाच आहे.”

सुमनताईंचा एक दोष होता. पोराने सांगितलेलं त्या खरं मानायच्या. आत्माच आहे म्हटल्यावर त्यांनी हात आखडला नाही. डब्याला एक टिकली पुरली असती, आणि दर वर्षी तेवढीच लावायच्या. यंदा त्यांनी फुलाने पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, परत पाणी शिंपडलं, वर ओल्या झेंडूची ओंजळ ठेवली. निरंजन फोनमागून खिदळत होता. विजयश्री म्हणाली, “पाण्यात ठेवलाय तो.” तो म्हणाला, “पेनड्राइव्हला काही होत नाही. माझा एकदा जीन्सबरोबर धुऊन निघाला होता.”

मग त्याने व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. लोक पोट धरून हसले म्हणे.

ताम्हन देवापुढे राहिलं. झेंडूखाली ते नखाएवढं पिवळं-लाल काहीतरी, दुसऱ्या दिवसापर्यंत भिजत.

•

दसरा. सकाळ. अर्जुनरावांनी आरती करून हात जोडले आणि मशीन ‘उठवायची’ परवानगी दिली.

निरंजनने पेनड्राइव्ह टी-शर्टला पुसला. खोचला. बटण दाबलं.

पंखा फिरला. बाकी काही नाही.

परत काढला. फुंकर मारली. खोचला. पंखा.

विजयश्रीने लॅपटॉप उघडून चिन्हावर क्लिक केलं. फाइल सापडत नाही, ती हलवली किंवा पुसली गेली असावी.

हेअर ड्रायर. पंखा.

तांदळाचा डबा. (सुमनताई: “आत्मा तांदळात कशाला पुरायलास?”) पंखा.

लॅपटॉपला खोचला, लॅपटॉपने ओळख दिली नाही, पेनड्राइव्ह मात्र बोटाला चटका बसेल एवढा तापला. काढून उलटा केला तर तोंडातून पाकळी बाहेर आली.

“गेला,” निरंजन म्हणाला.

“पूजेनं काही बिघडत नसतंय,” अर्जुनराव म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

विजयश्रीने ‘अहो’ बाजूला ठेवला. “निरंजन, याचा बॅकअप आहे ना?”

“ऑफकोर्स.” त्याला उलट बरंच वाटलं, असा प्रश्न त्याला रोज कोणी विचारत नसे. “आपोआप होतो. दर रविवारी. मी स्क्रिप्ट लिहिलीये त्याची.”

“मग आण.”

तो उठला. दोन पावलं गेला. थांबला. आपण कुठे निघालो होतो ते विसरलेल्या माणसासारखा उभा राहिला. मग त्याची नजर कोनाड्याकडे गेली, आणि तिच्यामागोमाग विजयश्रीचीही.

घुं घुं.

“त्यात?” ती म्हणाली.

“टेक्निकली—”

“त्याच्यात?”

“म्हंजे किल्ली आतच ऱ्हायली म्हण की,” अर्जुनराव पेपरातून म्हणाले.

विजयश्री हसली. ते हसू बघून सुमनताई आत गेल्या आणि विनाकारण भांडी घासू लागल्या. तीन प्रती. दोन जागी. एक घराबाहेर. हा माणूस सोसायटीच्या वार्षिक सभेत माइक हिसकावून हे बोलला होता. पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना.

•

रविराजला फोन.

“ताई, शुभेच्छा! निघालात ना?”

“जरा उशीर होतोय. घरचा सर्व्हर बंद पडलाय.”

“सर्व्हर? तुमचे मिस्टर आयटीत आहेत ना?”

“हो.”

“मग?”

“म्हणूनच.”

तो हसला, पण धंद्याचं बोलायला विसरला नाही. “दुपारच्या मुहूर्ताला भटजी येतील. तोवर आलात तर तुमचं. मला वाईट वाटेल, पण मशीन थांबणार नाही.”

•

निरंजनचं म्हणणं असं होतं.

चार डिस्का आहेत. तिघींवर फायली. चौथीवर नुसता हिशोब. या तिघींपैकी एखादी मेली तर त्या हिशोबावरून ती पुन्हा उभी करता येते. नवा पेनड्राइव्ह तयार करता येईल. पण नव्या पेनड्राइव्हला विचारावं लागेल, हिशोबाची कुठली. ते चुकीचं सांगितलं, की तो फायलींच्या डिस्कवरच हिशोब लिहायला घेतो, आणि मग खालच्या फायली गेल्या. चारी डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, एकाच सेलमध्ये घेतलेल्या. ओळखायचे बाकीचेही मार्ग होते. ते ज्या लेखांत दिले होते ते निरंजनने पुढे कधी गरज लागेल म्हणून जपून ठेवले होते. राजगडावर.

“मला वाटतं, तिसरी,” तो म्हणाला.

“वाटतं?”

“ऑलमोस्ट शुअर.”

ही दोन शब्दांची जोडी विजयश्रीने चाकणला असंख्य माणसांच्या तोंडून ऐकली होती. ती म्हणणाऱ्याचा पार्ट तिने दर वेळी पाटावर ठेवून दाखवला होता.

इतक्यात बेल वाजली आणि प्रीतम आत आला. ही सोसायटी ज्या शेतावर उभी होती ते शेत प्रीतमच्या घरचं. त्या बदल्यात मिळालेले फ्लॅट, गळ्यातली साखळी आणि सोसायटीचं अध्यक्षपद हे तिन्ही तो सारख्याच सहजतेने बाळगायचा. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या पूजेला नारळ फोडायला वडीलधारा माणूस हवा म्हणून तो अर्जुनरावांना न्यायला आला होता.

“चला काका, पंप वाट बघतोय. काय वहिनी, तोंडं का उतारली सगळ्यांची? सणासुदीचं कोण गेलं का काय?”

“पेनड्राइव्ह गेला,” सुमनताई आतून म्हणाल्या.

“हात्तिच्या! मला वाटलं माणूस.”

निरंजनला प्रीतमचा तिटकारा होता. प्रीतम सोसायटीच्या ग्रुपवर रोज पहाटे गुलाब टाकायचा, त्याचा फोन मेमरी भरल्याची तक्रार करत कण्हायचा, आणि प्रीतम त्यातलं एक चित्रही पुसायचा नाही. “डिजिटल उकिरडा,” असं निरंजन त्याला म्हणायचा. याच उकिरड्यावर उपाय म्हणून त्याने ग्रुपला असं सेटिंग लावलं होतं की आठवड्याने सगळे मेसेज आपोआप नाहीसे होतात. ग्रुप स्वच्छ राहावा.

ग्रुप.

विजयश्रीला आठवलं. गणपतीत निरंजनने ग्रुपवर राजगडाच्या स्क्रीनचा फोटो टाकला होता. एवढे महिने एकदाही बंद पडला नाही, तुमचा टीव्ही तरी एवढा चालतो का, अशा थाटात. त्या स्क्रीनवर चारी डिस्का एकाखाली एक होत्या. प्रत्येकीपुढे तिचं काम आणि तिच्या अंगावर छापलेला नंबर.

“तो फोटो काढ,” ती म्हणाली.

“माझ्या फोनमधले फोटो रोज आपोआप सर्व्हरवर जातात,” तो म्हणाला, आणि वाक्य संपायच्या आत त्याचा आवाज बसला. “आणि मग फोनमधून पुसले जातात.”

“छान. माझ्या फोनमधलेही?”

“मीच लावलंय ते.”

“आणि ग्रुपवरून?”

“आठवड्याने—”

“छान.”

मग ती प्रीतमकडे वळली. “प्रीतमभाऊ, तुमचा फोन द्या.”

•

प्रीतमच्या फोनमधून एक प्रवास.

गुलाब. गुलाब. बैल. दत्त. गुलाब. बैलगाडा घाटात, मागे धूळ. कुणाच्या तरी वास्तुशांतीचं जेवण. बैल, जवळून.

“हा कोण, गेला का हा?”

“न्हाई ओ वहिनी, चुलत्याचा वाढदिवस हाय. हार मोठा झाला जरा.”

गुलाब. मोशीच्या आठवडे बाजारातला भोपळा, बाजूला प्रीतम.

“असं एवढं कशाला ठेवता तुम्ही?” निरंजनला राहवलं नाही.

“आमी कुटं ठेवतो? आपोआप येतं, आन् ऱ्हातं. पुसायला कोणाला सवड हाय?” मग तो विजयश्रीला म्हणाला, “हे आलेलं सगळं गप पुसत बसत्यात व्हय?”

“हो.”

“मग नडणारच की.”

गुलाब, जांभळा. बैल. आणि त्यानंतर, एका बैलाचं शिंग आणि पुढचा गुलाब यांच्या मधे, काळ्या पार्श्वभूमीवर राजगड. खाली निरंजनने फोटोवरच लिहिलेलं: ‘याला म्हणतात अपटाइम.’

विजयश्रीने फोटो मोठा केला. अक्षरं फुटली, पण नंबर वाचता येत होते. हिशोबाची डिस्क पहिली होती.

तिसरीपुढे ‘ड्रॉइंग’ लिहिलेलं. तिसरीवर तिचं फिक्श्चर होतं.

तिने नुसता फोन निरंजनच्या डोळ्यांसमोर धरला आणि तो सगळं वाचून होईपर्यंत धरून ठेवला.

•

आता नवा पेनड्राइव्ह हवा. घरात नव्हता, निरंजनने जुने सगळे देऊन टाकले होते, आपल्याकडे सर्व्हर असताना हे कचऱ्याचे तुकडे कशाला म्हणून. मोशीतलं मोबाइलचं दुकान बंद होतं. मालक आपल्या दुकानाची पूजा करून गावाला गेला होता.

“माज्या गाडीत हाय एक,” प्रीतम म्हणाला. “पन त्यात माजी गाणी हायती. बैलगाड्याची. डीजेवाल्याकडनं खास करून घेतलीत, परत मिळायची न्हाईत ती.”

“फॉरमॅट करावा लागेल,” निरंजन म्हणाला.

“म्हंजे?”

“गाणी जातील.”

“मग न्हाई.”

विजयश्री खाली जाऊन त्याच्या काळ्या स्कॉर्पिओतून पेनड्राइव्ह काढून आली. त्यातली सगळी गाणी तिने आपल्या लॅपटॉपवर उतरवली. उतरली की नाही बघायला एक वाजवलं. अर्जुनराव दचकले. मग दुसरी प्रत तिने स्वतःच्या फोनवर घेतली. मग प्रीतमच्या बायकोच्या फोनवर पाठवली, ती प्रत घराबाहेर. त्या घरात त्या दिवशी रीतसर असा एकच बॅकअप झाला, आणि तो बैलगाड्याच्या डीजेचा होता.

निरंजन चुळबुळत होता. “उशीर होतोय गं, एवढं काय त्या गाण्यांचं?”

“बस तिथे.”

तो बसला.

मग ती फोटोतून नंबर वाचायला लागली आणि तो टाकायला लागला. पहिला टाकून झाल्यावर ती म्हणाली, “वाच परत.”

“मला येतं गं एवढं.”

“माहितीये. वाच.”

त्याने वाचला. दुसरा टाकला, वाचला. प्रीतम आणि अर्जुनराव पंप विसरून मागे उभे राहिले होते. सुमनताई पदराला हात पुसत आल्या. तिसऱ्याला निरंजन एक आकडा चुकला. ती पुढच्या नंबरावर गेली नाही. त्याने वर बघितलं, परत खाली बघितलं, आकडा दुरुस्त केला, आणि त्याचे कान लाल झाले. चाकणला ती ज्या पोरांना हे शिकवायची ती पोरंही दुसऱ्या दिवसापासून न सांगता वाचून दाखवायची.

सुरू करायच्या बटणावर त्याचं बोट थांबलं. “काही उलटं झालं तर मला नको बोलूस.”

“निरंजन, दाब.”

डिस्का एकेक करून जाग्या झाल्या. विजयश्रीने आपल्या लॅपटॉपवर चिन्हावर क्लिक केलं. फोल्डर उघडलं. पाट, चार पिना, क्लॅम्प, सगळं जिथल्या तिथे. मग तिने फोल्डर लॅपटॉपवर घेतलं, रविराजला मेल केलं, आणि निरंजनच्या देखत, एकेक बटण हळू दाबत, ते गूगलवरही चढवलं.

तो काहीतरी म्हणणार होता.

“अहो,” ती म्हणाली. तो जुन्या पेनड्राइव्हवरचं कुंकू नखाने खरवडायला लागला.

•

चाकणच्या रस्त्याला कंटेनर एकामागे एक उभे होते, प्रत्येकाच्या तोंडाला झेंडूचं तोरण. विजयश्री स्कूटीवरून त्यांच्या बाजूने, धुळीतून निघाली. खराबवाडीत पोचली तेव्हा भटजी हात धूत होते. रविराजच्या टूलरूममध्ये मशीन पुसून लख्ख केलेलं, वर हार, आणि पडद्यावर तिचा पाट. त्याने नारळ फोडला, पेढा दिला. कटर खाली आला. कूलंटच्या पाण्याबरोबर पहिला चकचकीत चुरा उडाला, त्यावर थोडं कुंकू होतं.

तिच्या पर्समध्ये फोन वाजला. सोसायटीचा ग्रुप.

‘मित्रांनो, आज आमच्या घरी सर्व्हरचा मोठा बिघाड झाला होता. योग्य नियोजनामुळे शंभर टक्के डेटा परत मिळवला. या अनुभवातून शिकण्यासारखं बरंच आहे. येत्या रविवारी क्लबहाऊसमध्ये छोटं सत्र ठेवत आहे. विषय: आपला बॅकअप, आपली जबाबदारी. सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा. निरंजन.’

खाली अंगठे. अंगठ्यांवर अंगठे. एकाने ‘सर, ग्रेट’ लिहिलं होतं. त्याखाली प्रीतम: ‘गाणी कदी मिळणार.’ त्याखाली प्रीतमचाच, केशरी गुलाब.

विजयश्रीने तो मेसेज दोनदा वाचला. ‘योग्य नियोजन’ यावर तिचा अंगठा बराच वेळ राहिला. मग तिने गुलाब तेवढा फोनमध्ये साठवून घेतला आणि मशीनकडे बघत राहिली.

“ताई, आता पुढचं फिक्श्चर पण तुमच्याकडेच टाकू का?” रविराज मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला. “पण ते सर्व्हरचं काय ते तुम्ही आता नीट बघून घ्या हां.”

“बघितलंय,” ती ओरडून म्हणाली.

•

पितृपक्षातल्या एका रविवारी निरंजन स्वयंपाकघरात येऊन म्हणाला होता, पेनड्राइव्हचा बॅकअप आता आपोआप होतो. विजयश्रीने विचारलं होतं, कुठे. तो म्हणाला होता, राजगडावर. ती पोळ्या लाटत होती. ‘बरं’ म्हणाली होती, पाटावर ठेवून बघितलं नव्हतं.